बाहेरचं बंद

१

"दार केलं बंद बाई, दिवा केला मंद,
डोळ्यांच्या तळ्यात आता चांदण्याचा गंध."

सुट्टीत मावशीकडे राहायला गेलं की झोपताना हे ऐकायचं. गाणं मावशीनं कुठून आणलं नव्हतं, तिथल्या तिथे जुळवलेलं होतं. पण तिच्या आवाजावर साय धरायची. 'डोळ्यां'तला आणि 'तळ्या'तला ळ म्हणताना जीभ जराशी रेंगाळायची, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी. आणि मोठ्या कानांची भाची, जिला घरात सगळे ससुली म्हणत, ती त्या रेंगाळण्याची वाट बघत झोपून जायची.

पुढे ससुली ध्वनिमुद्रणाच्या कामाला लागली. लोकांच्या आवाजातली खरखर, पंख्याची घरघर, लाळेची मचमच काढून टाकायची, हा तिचा धंदा. मावशी अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून द्यायची. मग मावशीच्या गळ्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि आवाज कायमचा गेला.

तो ससुलीला पुन्हा ऐकू आला दातांच्या डॉक्टरकडे, बाहेरच्या बाकावर.

शेजारचा माणूस फोनवर बोटं फिरवत होता. अंगठा ओठाला लावायचा, ओला करायचा, पडद्यावर घासायचा. मधेच एक जाहिरात लागली.

"एकटे आहात का हो? या ना. मन मोकळं करा. माझ्याकडे वेळच वेळ आहे, राजा."

मग एक लाडिक हसू. खाली कुठलासा नंबर.

'मोकळं' आणि 'वेळ' यांतला ळ रेंगाळला.

त्या माणसानं ओला अंगठा फिरवला आणि तेच पुन्हा लावलं. ससुलीच्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ती उठून रस्त्यावर आली, विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. दाढ दुखत होती हेसुद्धा तिच्या लक्षात राहिलं नाही.

स्टुडिओत गेल्यावर तिनं जाहिरात उतरवून घेतली, कानांवर हेडफोन चढवले आणि हसण्यापासून सुरुवात केली. आवाज यंत्रानं घडवलेला होता. हसू, राजा, लाडीगोडी सगळं बनावट. पण घडवायला माती लागते आणि माती मावशीची होती. कुठल्या काळातली मावशी, हेही कळत होतं. ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांतला तिचा आवाज नितळ होता. इथे प्रत्येक शब्दाच्या तळाशी एक बारीक घरघर होती. शस्त्रक्रियेच्या आधी घरी बसून मावशीनं जी वाक्यं वाचून ठेवली, फक्त त्यांतच ती होती.

म्हणजे गाठीसकट उचललं होतं. विकणाऱ्यानं गाठसुद्धा सोडली नव्हती.

आणि ती वाक्यं जगात एकाच ठिकाणी होती. मावशीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर, ज्यातून ससुलीच्या परवानगीशिवाय काहीही बाहेर जाणं शक्य नव्हतं.

२

त्या वाक्यांवर मावशीचं सगळं अवलंबून होतं. गळ्यातलं स्वरयंत्र गेलं की बोलण्याचा एक मार्ग उरतो: हवा गिळायची आणि ढेकरेसारखी वर काढत तिच्यातून शब्द घडवायचे. शिकवायला एक बाई यायच्या. मावशीनं पहिल्याच दिवशी स्वतःची ती ढेकर ऐकली आणि पाटीवर लिहिलं, 'यापेक्षा मुकी बरी.' तेव्हापासून तिची नजर एका छोट्या यंत्रावर होती. त्यात तिची वाक्यं घातली की ती बोटांनी लिहील आणि यंत्र तिच्याच आवाजात बोलेल. यंत्रवाले याच आठवड्यात येणार होते.

मावशीच्या नवऱ्यानं, काकांनी, दार उघडलं. काका आयुष्यभर धरणावर होते; पाण्याचे दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे, हे काम.

"अगं, न सांगता? दाढ काढायला गेली होतीस ना?"

"राहिली काढायची. काका, कॉम्प्युटर बघायचाय."

"बघ की. पण तिकडची काळजी सोड. मी रोज सकाळी चहाच्या आधी नजर टाकतो. बाहेरचं बंद आहे."

आतल्या खोलीत दुहेरी पडदे होते आणि मावशीच्या शालीचा वास. मावशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. तिच्या गळ्याभोवती निळा रुमाल होता. ससुलीनं तिला काहीच सांगितलं नाही.

फायरवॉल म्हटलं की लोकांना बाहेरचा चोर आठवतो. ससुलीनं ती बसवली होती आतल्या चोरासाठी. एखादा प्रोग्राम गुपचूप घरातलं काही उचलून इंटरनेटवर पाठवू लागला, तर फायरवॉल त्याला उंबऱ्यावर अडवायची आणि विचारायची: 'हा बाहेर जाऊ पाहतोय. जाऊ द्यायचं?' काकांना तिनं पढवून ठेवलं होतं, कुणीही विचारो, नाही म्हणायचं. ईमेलचं टपाल आणि ब्राउझर सोडून कुणाला सूट नाही. फायरवॉलमध्ये बदल करायला पासवर्ड लागे, तो काकांना आणि तिला, दोघांनाच ठाऊक. काकांना सोपं जावं म्हणून सगळं मराठीत लावलेलं.

तिनं फायरवॉल उघडली. वर हिरवा ठिपका. खाली दोन ओळी.

'आत येणारं: चालू.'

'बाहेर जाणारं: बंद.'

काका तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "दिसलं? बंद."

ससुलीनं दुसरी ओळ पुन्हा वाचली. तिनं हे 'चालू' ठेवलं होतं. तिथे 'चालू' असायचा तो पहारा. 'बंद' म्हणजे पहारेकरी घरी गेला, दार सताड उघडं.

आणि काका रोज सकाळी ते उघडं दार बघून निश्चिंत मनानं चहा प्यायले होते.

३

"आधी चालू होतं," काका म्हणाले, "ते बघून मला धडकीच भरली. बाहेर जाणारं चालू, म्हणजे विसर्ग चालू! मी लगेच पासवर्ड घातला आणि बंद केलं. चुकलं का काही?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

"कोण सांगणार? मीच."

हे म्हणताना ते पडद्याची कड चाचपत होते. ससुली अजून खोलात गेली. मावशीच्या वाक्यांशेजारी एक नवा प्रोग्राम बसलेला होता, 'आवाज निवळवणारा'. खरखर काढून देतो म्हणे. त्यानं बाहेर जायला कितीदा तरी विचारलं होतं आणि काकांनी दर वेळी इमानेइतबारे नाही म्हटलं होतं. नाही, नाही, नाही. मग पहारा उठला, पुढे कुणी कुणाला काही विचारलंच नाही.

"हा कुणी टाकला?"

"मीच. टपालातून आला होता."

"कुणाच्या?"

"आता काय लक्षात आहे? ती चिठ्ठी गेली पुसून." काका बाहेर गेले. काका खोटं बोलले की पाठ जरा जास्तच ताठ ठेवायचे.

म्हणजे निवळवणाऱ्याच्या पोटात चोर होता आणि तो कुणीतरी मुद्दाम धाडला होता. जाहिरातवाल्यांना ससुलीनं फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "घरच्यांच्याच संमतीनं घेतलाय, मॅडम. नाव देता येत नाही." घरचे. तो शब्द तिच्या जिभेवर केसासारखा अडकून बसला.

घरात येणंजाणं तिघांचं. वहिनी, म्हणजे मावशीची सून, बँकेत नोकरी करत सासू-सासऱ्यांबरोबर राहायची. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या. आणि मावशीचा मुलगा, दादा, जाहिरातींच्या धंद्यात, दूरच्या शहरात. यायचा म्हणजे फोनवरूनच यायचा.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. ससुलीनं दार लोटून जाहिरात ऐकवली. वहिनीच्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं.

"शी! ह्या आई आहेत? बंद कर ते आधी, बंद कर. मला आंघोळ करावीशी वाटतेय."

"घरातल्या कॉम्प्युटरवरून गेलाय."

"माझ्याकडे बघू नकोस. मी त्या खोलीत शिंकायलासुद्धा जात नाही."

"वहिनी, मी बघितलं. बाहेरचं बंद होतं."

"बंद होतं?" वहिनी गोंधळली. "मग गेलं कसं गं?"

बाई फाटकातच भेटल्या. जाड चष्मा, पिशवीत आरसा आणि पाण्याची बाटली. जाहिरात ऐकून त्यांनी आधी चष्मा काढला, मग पुन्हा घातला.

"माझ्यावर संशय आहे ना तुमचा? असू दे. मी येणारी-जाणारी, मीच आधी दिसणार. पण मी रोज त्यांना म्हणते, ढेकरेची लाज कसली, तो तुमचाच श्वास आहे. हे जे काही आहे ना, ह्याची लाज वाटावी माणसाला."

"बाई, कॉम्प्युटरवर बाहेरचं बंद होतं."

"मग कसं नेलं हो? दार बंद, आणि चोरी?"

शेवटी तिनं दादाला फोन लावला. जाहिरात ऐकून तोही शी शी म्हणाला, जरा लांबवूनच.

"त्या शिकवणीच्या बाईला धर तू. परकं माणूस आहे. मी तरी काय सांगणार, मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. ते फायर का काय, तूच बसवलंस."

"हो, मीच. आणि दादा, बघते तर काय, बाहेरचं बंद होतं."

"घे! मग जाणारच ना!" दादा म्हणाला.

ससुलीनं फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिली. आत वहिनी नळाखाली हात धूत होती, धुतच होती.

४

दुपारी मावशी झोपल्यावर ससुलीनं काका आणि वहिनीला पुढच्या खोलीत बसवलं. दादाला पुन्हा फोन लावून स्पीकरवर टाकलं.

"आता काय? मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंगला थांबू दे, दादा. मला दोन गोष्टी सांगायच्यात."

"ससुले, तू लहानपणापासून फार शहाणी."

"पहिली गोष्ट. चोर घरातला असता तर त्यानं फायरवॉलला हातही लावला नसता. बोटाएवढा ड्राइव्ह घेऊन यायचं, वाक्यं उतरवायची, खिशात घालून चालू पडायचं. वहिनीला ते जमलं असतं, बाईंना जमलं असतं. इंटरनेटची वाट कुणाला लागते? ज्याला घरात यायचंच नाही त्याला. आईच्या ऑपरेशनलाही जो आला नाही, त्याला."

"हे बघ, मला सुट्टी मिळाली नव्हती."

वहिनीनं नवऱ्याच्या आवाजाकडे, म्हणजे टेबलावरच्या फोनकडे, झुरळाकडे बघावं तसं बघितलं.

"दुसरी गोष्ट. मी तिघांना एकच वाक्य सांगितलं. बाहेरचं बंद होतं. वहिनी म्हणाली, मग गेलं कसं? बाई म्हणाल्या, मग कसं नेलं? काका तर रोज ते वाचून खूश. बाहेरचं बंद म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बंद दारच येतं. तू एकटा म्हणालास, मग जाणारच. तुला ओ की ठो कळत नाही ना? मग इथलं 'बंद' दाराचं नाही, पहाऱ्याचं आहे, हे तुला कुठून कळलं?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"हे तुला ठाऊक होतं, कारण ह्या शब्दावरच तू सगळं रचलंस. तू धाडलेला प्रोग्राम विचारत राहिला, काका नाही म्हणत राहिले. 'हो' दाबा म्हटलं असतंस तर त्यांनी आधी मला फोन केला असता. पण 'बाबा, बाहेर जाणारं चालू दाखवतंय, बंद करा' एवढं म्हटल्यावर? ज्या माणसानं जन्मभर धरणाचे दरवाजे राखले, तो धावत जाऊन बंद करणारच. पासवर्ड त्यांचा, हात त्यांचे. तुझ्या अंगाला काही चिकटायला नको."

काका मान खाली घालून तळहात बघत होते.

"झालं बोलून?" दादाचा आवाज अगदी नेहमीचा होता. "बरं, पाठवला मी. कुणाचं काय गेलं? तो आवाज नुसता पडून होता."

"ती तुझी आई आहे!" ससुली ओरडली.

"आईला कोण ओळखतंय? तिला ऐकायची ती सगळी आंधळी मंडळी. आता कितीतरी लोकांना आवडतोय. असा घरगुती, विश्वास वाटेल असा आवाज शोधून मिळत नाही. एका अर्थी कौतुकच आहे तिचं."

"राजा म्हणायला लावलंयस तू तिला!"

"मी फक्त आवाज दिला. पुढे कोण काय म्हणवून घेतं, त्याला मी काय करू?"

"ठेव फोन," वहिनी म्हणाली. तिनं पदर तोंडाशी धरला होता. "ठेव, मला उलटी होईल. आणि माझ्या फोनवर तुझं नाव दिसायला नको मला."

"थांबा, तुम्ही सगळे काय करणार आहात ते तरी सांगा. कोर्टात जाणार? मी तिथे यातलं अक्षर बोलणार नाही. आणि बाबा बोलतील असं वाटतंय का तुम्हाला?" तो हसला. जाहिरातीतल्या हसण्याची जात कुठली, ते ससुलीला आत्ता कळलं. "बाबा काही बोलणार नाहीत. का ते त्यांनाच विचार."

५

फोन गेला. खोलीत काहीतरी नासल्यासारखं वाटत होतं. वहिनीनं उठून दोन्ही खिडक्या उघडल्या.

ससुली काकांच्या पायांशी बसली. दादाला दुसऱ्यांदा फोन लावण्याआधीच तिचं एका वकीलबाईंशी बोलणं झालं होतं. फसवून नेलं, हे ज्याच्या हातून घडलं त्यानं सांगायला हवं. एकदा सांगितलं की जाहिरात आणि तो नंबर, दोन्ही लगेच उतरवायला लावता येतील.

"काका, तुम्ही फक्त एवढंच सांगायचंय. त्यानं फोन केला आणि तुम्हाला बंद करायला लावलं."

काकांनी पाय जवळ ओढून घेतले.

"पोटचा मुलगा आहे, कळतंय मला. पण मावशीचा विचार करा. यंत्रवाले येतील, तिच्या हातात तिचा आवाज देतील. उद्या ती दुकानात जाऊन साबण मागेल, आणि दुकानदार तिच्या तोंडाकडे बघून दात काढेल. ती मरेल हो लाजेनं."

"मुलासाठी नाही गं," काका पुटपुटले.

"मग?"

पडदा हलला. दारात मावशी उभी होती. तिचा आवाज गेला होता, कान शाबूत होते. गळ्यावरचा रुमाल सुटून एका खांद्यावर लोंबत होता आणि शस्त्रक्रियेत गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास शिट्टीसारखा आतबाहेर करत होता. एरवी ते भोक ती कुणालाही दिसू द्यायची नाही. किती वेळ उभी होती कोण जाणे. चेहऱ्यावरून दिसत होतं की पुरेसा वेळ.

"मावशी..." ससुली उठली.

मावशीनं हातानंच तिला अडवलं. पाटी कमरेवर टेकवून लिहिलं. खडू मोडला, उरलेल्या तुकड्यानं लिहिलं.

'तो आवाज मला नको. यंत्रवाल्यांना येऊ नका म्हणून सांग.'

"असं नको म्हणूस. आम्ही तो परत आणतो. काकांनी एकदा सांगितलं ना, की सगळं उतरवता येईल. मग तो फक्त तुझा."

मावशीनं पाटीवर हात फिरवला. पुसल्यानंतरच्या पांढुरक्या डागावर लिहिलं, 'सगळ्यांनी उष्टावलाय.'

वहिनीला रडू फुटलं. काका मात्र ससुलीकडे बघत होते.

"मग तो नंबर लागणारच नाही?" त्यांनी विचारलं.

"कुठला?"

"जाहिरातीतला. उतरवल्यावर लावला, तर कुणी उचलणार नाही?"

"कोण उचलणार, काका? तिथे कुणी नाहीच. यंत्र आहे ते."

"माहीत आहे मला यंत्र आहे ते." काका एकदम चिडले आणि तितक्यातच विझले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मावशीकडे न बघता, जमिनीशी बोलावं तसे बोलू लागले.

"जाहिरात मी तुझ्या कितीतरी आधी ऐकली, ससुले. बागेत एक पोरगा लावून बसला होता. मला तिथेच कळलं, मी काय बंद केलं आणि कुणी करायला लावलं. त्याच पावली तुझ्याकडे यायला हवं होतं. चपलासुद्धा तुझ्या घराच्या दिशेनं वळल्या होत्या."

"मग आला का नाहीत?"

"नंबर लावून बघितला."

मावशीचा श्वास तेवढा शिट्टी वाजवत होता.

"ती मला राजा म्हणाली. आमच्या जन्मात हिनं कधी म्हटलं नाही असलं काही. एवढी शिसारी आली की फोन बाकावर आपटला. काच तडकली, ती ही." खिशातून त्यांनी फोन काढला, बघितला आणि परत ठेवला. "घरी आलो. ही पाटी घेऊन समोर बसली. लिहिलं, 'जेवायचं का?' मी हो म्हटलं. जेवलो. घर असं गप्प होतं, असं गप्प, की सकाळी उठून पुन्हा बागेत गेलो. पुन्हा लावला. आता रोज लावतो. तुझ्या दादाला दिसत असणार तिकडे, कोण कोण फोन करतं ते. म्हणून हसला तो."

"बाबा!" वहिनीनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

काकांनी आता मान वर केली आणि मावशीकडे बघितलं. तिच्या गळ्याकडे, उघड्या भोकाकडे, मग डोळ्यांकडे.

"मी तिला सांगितलं, राजाबिजा नको म्हणू. मला 'अहो' म्हण. तेव्हापासून ती मला अहोच म्हणते."